आमच्यात चालतं

१ जून, रविवार

फेकली! मॉयराने दिलेली पाई सुशांतने सरळ फेकून दिली. जाहिरातींच्या कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून, बाहेरच्या बिनच्या पार तळाशी. घरात उंदीर मेल्यासारखी!

कारण काय, तर जुई येणार होती. "ती फ्रिज उघडते सुरभी, तुला माहितेय. चहाचं दूध काढायला जाईल आणि बघेल." बघू दे की! पण मॉयराने डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती ना — बीफ अँड स्टाउट, फॉर सुरभी. तेवढ्यावरून माझ्या नवऱ्याची एवढी पळापळ.

मॉयरा ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या आमच्या फॅक्टरीत नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मूळची आयर्लंडची. या महिन्याच्या शेवटी रिटायर होतेय. दर हिवाळ्यात, म्हणजे इथे जून-जुलैत, ही पाई करून आणते. काळ्या बिअरमध्ये तासन्‌तास शिजवलेलं बीफ आणि वर पापुद्र्यांचं झाकण. पहिल्या वर्षी लंचरूममध्ये पहिला घास घेतला आणि माझे डोळे भरून आले. तिला म्हटलं, गरम आहे म्हणून. खोटं. पप्पांचा रविवार आठवला होता.

आणि जुई कशाला आली होती? मंडळातर्फे निरोप घेऊन. तिचा नवरा विवेक मंडळाचा सेक्रेटरी. यंदा गणपतीच्या पूजेला बसायचा मान आमचा! जोडीने! सुशांत सोवळं नेसून, मी नऊवारीत. सुशांत लगेच हो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बौद्ध घरात जन्मलेली, बावीस प्रतिज्ञा शाळेत जायच्या आधी पाठ झालेल्या. मी पाटावर बसू? आणि हा तरी कोण? तोही आमच्यातलाच! पण चौदा वर्षं इथल्या मराठी लोकांत 'नगरकर' या आडनावामागे लपून राहिलोय आम्ही. सुशांतच्या वडिलांनी पुण्यात नोकरीला लागताना घेतलेलं आडनाव. कुणी विचारतं, "नगरकर म्हणजे देशस्थ का?" की हा नुसता हसतो. हसणं म्हणजे काही हो म्हणणं नव्हे, असं याचं म्हणणं!

गणपतीवर माझा काडीचा राग नाही. ज्यांचा आहे त्यांनी मनापासून करावा. मी खोटी बसणार नाही, एवढंच.

ठरलं. ही पाई मी करणार. याच घरात. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून!

२ जून, सोमवार

इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. राजाचं भलं होवो, मला आख्खा दिवस मिळाला.

सकाळीच खाटकाकडे गेले. म्हटलं, ग्रेव्ही बीफ द्या, दीड किलो. त्याने माझ्याकडे बघितलं. "करी?" "नो. पाई." "गुड ऑन या!" म्हणाला आणि वजनावर एक तुकडा जास्त टाकला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात मी मोठ्याने बोलले. एरवी ट्रॉलीत बीफ कधी टाकलंच नाही. कुणी मराठी दिसलं तर?

मॉयराला फोन केला. म्हणाली, मंद ओव्हनमध्ये तीन तास, घाई नको, लव. तीन तास! मी मनात म्हटलं, बिचारीला कुकर माहीत नाही. पप्पा कुकरलाच लावायचे. सहा शिट्ट्या की लोण्यासारखं मऊ. तर मी मांस परतलं, कांदा-गाजर टाकलं, बिअरचे दोन कॅन ओतले, झाकण लावलं आणि गॅस मोठा करून निवांत मोबाइल बघत बसले. शहाणीच की नाही मी!

शिट्टी झालीच नाही. आधी फुरफुर, मग घुसमटल्यासारखा आवाज, आणि मग काळं कारंजं! थेट छतावर! फेस, फेस, फेस! ओट्यावर, टाइल्सवर, माझ्या चष्म्यावर. मी ओढणी डोक्यावर घेऊन गॅस बंद करायला धावले. नेमके तेव्हाच सुशांत आणि आमची लेक श्रिया तिचे नवे बूट घेऊन घरात शिरले.

श्रिया हसून हसून खाली बसली. तेरा वर्षांची घोडी, जमिनीवर लोळत होती! सुशांत छताकडे बघत राहिला. "पुढच्या मंगळवारी भाड्याच्या घराचं इन्स्पेक्शन आहे. एजंटला काय सांगायचं?"

"सांग, बायकोने बिअर कुकरला लावली."

"आणि आत काय आहे?"

"बीफ."

श्रियाला म्हणाला, वर जा. मग एकेक करून सगळ्या खिडक्या बंद केल्या. मी मागोमाग जाऊन उघडल्या. दोघांनी दोन फेऱ्या मारल्या घरभर. शेवटी तो गाडी घेऊन निघून गेला.

कुकरमधलं कारल्याहून कडू झालं होतं. तरी एक वाटी संपवली. हट्टाने.

३ जून, मंगळवार

छत पुसलं नाही. पुसणारही नाही.

५ जून, गुरुवार

मॉयराला कुकरचं सांगितलं. बाई इतकी हसली की सुपरवायझर बघायला आला. मग कागद घेऊन बसली. तुकडे दिसायला हवेत त्याहून मोठे कर, शिजल्यावर आकसतात. कागदाने कोरडे टिपून घे. पातेल्यात गर्दी नको, थोडे थोडे लाल कर. बिअरचा कडूपणा मारायला चमचाभर ब्राउन शुगर. मी विचारलं, गूळ चालेल का? तिला गूळ माहीत नव्हता. उद्या खडा नेऊन देते.

घरी सुशांत आणि मी फक्त "दूध संपलंय", "हो" एवढंच बोलतोय.

७ जून, शनिवार

दुसरी पाई. आतलं झकास. वरचं दिव्य!

वरची पारी घरीच करायची ठरवली. हाताला सवय कसली, तर चपातीच्या कणकेची. मळ मळ मळली, तेलाचा हात लावला, झाकून ठेवली. मॉयरा म्हणाली होती, पीठ थंड ठेव आणि त्याला फार हात लावू नकोस. माझ्या डोक्यात कुठलं बसायला! शिवाय सारण उकळतं असतानाच त्यावर पारी घातली. दहा मिनिटांत झाकण आत कोसळलं, ओल्या गोधडीसारखं. उरलेली कड इतकी चिवट की सुरी वाकली.

पण आतलं! तीन तास मंद आचेवर, गूळ, तमालपत्र, थाइम. चमच्याने तुकडा दाबला की सुटत होता. श्रियाने झाकण बाजूला सारलं आणि दोन वाट्या खाल्ल्या. "आई, इट्स हीप्स गुड." मग एकदम विचारलं, बाबा खिडक्या का लावत होता?

मी सांगितलं. सगळं.

सुशांतचं आणि माझं ठरलं होतं, सोळा वर्षांची झाली की सांगायचं. गेलं ते ठरलेलं खड्ड्यात. सांगितलं की कोथरूडला आम्ही भाड्याने राहायचो. पप्पा रविवारी सकाळी कॅम्पातून मोठ्याचं आणायचे, स्टीलच्या डब्यात, माझ्या वह्यांच्या पिशवीत खाली. मग खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं, उदबत्त्या, आणि रेडिओ मोठा, शिट्ट्या ऐकू जाऊ नयेत म्हणून. आमच्यात सगळेच खातात असं नाही. सुलूमावशी अंड्यालाही शिवत नाही. आमच्या घरी खायचे, कारण स्वस्त होतं, पोटभर होतं आणि पप्पांच्या हाताला चव होती. मी सातवीत असताना एका रविवारी घरमालकीण साखर मागायला आली. दारात उभी राहून तिने फक्त नाक वर केलं. आठ दिवसांत खोली खाली करायला लावली. बीफसाठी नाही. बीफवरून तिला कळलं आम्ही कोण ते.

श्रिया ऐकत होती. मग म्हणाली, "सो वी आर बुद्धिस्ट? लाइक, प्रॉपर बुद्धिस्ट?" म्हटलं हो. "मग तुझ्या कपाटात आत लावलेला तो सूटवाल्या माणसाचा फोटो? आय थॉट ही वॉज आजोबाज बॉस!"

बाबासाहेब! आजोबांचे बॉस! मी हसले आणि हसता हसता रडले. माझ्या पोरीला बाबासाहेबांचा फोटो ओळखता येत नाही. हे आम्ही कमावलं चौदा वर्षांत.

"पण सीक्रेट का आहे?" तिने विचारलं.

८ जून, रविवार

श्रियाने नाश्त्यालाच बाबाला विचारलं. काय व्हायचं ते झालं.

सुशांत ओरडत नाही. ओरडला असता तर बरं. शांतपणे म्हणाला, "तुझे पप्पा खिडक्या का लावायचे? भित्रे होते म्हणून? तुम्ही त्या घरात राहावं, त्या शाळेत जावं म्हणून. मी वेगळं काय करतोय?"

मग ते स्पंजचं सांगितलं. अर्धवट मला माहीत होतं, पूर्ण आज कळलं. ऑकलंडला नवीन आला तेव्हा तीन मराठी मुलांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा. एकत्र जेवण, एकत्र क्रिकेट, भावासारखे. एकदा त्याच्या वडिलांचा फोन आला, स्पीकर चालू होता, आणि ते म्हणाले, "जय भीम बाळा." कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सिंकवर दोन स्पंज होते. पिवळा आणि हिरवा. हिरवा त्याच्या ताटाला.

"शिवी दिली असती तर भांडलो असतो," म्हणाला. "स्पंजशी काय भांडू?"

मी त्याचा हात धरला. धरू दिला. वाईट वाटलं, अगदी आतून. पण मग म्हटलं, "सुशांत, त्या स्पंजाला सोळा वर्षं झाली. अजून तूच तो धुऊन ठेवतोयस." त्याने हात काढून घेतला.

जरा लागेल असं बोलले. पण मागे घेत नाही.

१० जून, मंगळवार

इन्स्पेक्शन. एजंट पोरीने छताकडे बघून विचारलं, लीक आहे का? म्हटलं, नाही, जेवण आहे. तिने तसंच लिहून घेतलं.

१४ जून, शनिवार

जमली!!

या वेळी सगळं मॉयराच्या कागदाबरहुकूम. सारण कालच करून फ्रिजमध्ये गार केलं. पारीचा हट्ट सोडला, तयार पेस्ट्री आणली. सुपरमार्केटमधल्या गोठवलेल्या चौकोनी शीट्स, मॉयराही तीच वापरते म्हणे, लबाड! वर मधोमध चीर दिली, अंड्याचा हात फिरवला. पस्तीस मिनिटांनी ओव्हन उघडला तर अशी फुगलेली, अशी तांबूस! कडेने काळी ग्रेव्ही बुडबुडत वर आलेली. मी किचनमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

माउंट वेलिंग्टनच्या आमच्या गल्लीत चार घरांपर्यंत वास गेला असेल. शेजारचा टोंगन म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "समथिंग गुड!" त्याला एक तुकडा दिला.

सुशांत किचनच्या दारात येऊन उभा राहिला. मग भर थंडीत लॉन कापायला गेला. जून महिन्यात! गवत वाढतच नाही या दिवसांत! खाल्लं नाही त्याने. पण संध्याकाळी सिंकमध्ये एक चमचा होता, ग्रेव्हीचा. श्रिया नेटबॉलला होती. माझा नव्हता.

चमचा धुऊन ठेवला.

१९ जून, गुरुवार

उद्या मातारिकीची, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या नववर्षाची सुट्टी, परवा आमच्याकडे जेवण. जुई-विवेक आणि प्रमोदिनीकाकू. पूजेचं पक्कं करायचंय म्हणून सुशांतनेच बोलावलंय. काकू मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, पक्क्या शाकाहारी, चिरंजीवांकडे येऊन राहिलेल्या. गणपतीत शब्द त्यांचाच चालतो.

मी जाहीर केलं. टेबलावर दोन पाई. एक मशरूमची, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने, काकूंसाठी आधी करून बाजूला ठेवलेली. दुसरी बीफची. आणि दोन्हींसमोर मराठीत चिठ्ठी.

सुशांत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "एक ऐक. चिठ्ठीवर लॅम्ब लिही. पाई कर, तुझी हौस फिटेल. फक्त लॅम्ब लिही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! "लोकांना फसवून खाऊ घालू? ज्याला नको त्याच्या पोटात घालू? तुला कळतंय का काय बोलतोयस? माझ्या घरी कुणाचा धर्म बाटवायचा नाहीये मला. मला माझं झाकायचं नाहीये. दोन वेगळ्या गोष्टी आहेत!"

"पूजेचा मान जाईल."

"जाऊ दे! मला बसायचंच नाही!"

"मला बसायचंय," म्हणाला. "एकदा. सगळ्यांसमोर. कुणीही ऊठ म्हणू नये."

हे त्याने असं म्हटलं की पुढचं भांडण माझ्या तोंडातच राहिलं. किती वर्षं हे मनात धरून बसलाय हा माणूस. पण चिठ्ठीवर बीफच लिहिणार.

२२ जून, रविवार

कालचं लिहिते.

साडेसहाला आले. जुई नेहमीसारखी हसत, हातात पुरणपोळ्यांचा डबा. मी पाई टेबलावर आणल्या, चिठ्ठ्या ठेवल्या. "मशरूम पाई — शाकाहारी." "बीफ आणि काळ्या बिअरची पाई." सुशांत भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढरा.

जुईने वाचलं. विवेकने वाचलं. मी कंबर कसून तयार. म्हणा काय म्हणायचं ते!

विवेक म्हणाला, "अरे वा! स्टाउट पाई? होममेड?" आणि ताट पुढे केलं!

कंबर कसलेली मी कसलेलीच राहिले. विवेकने दोनदा घेतली. "ऑफिसात सगळेच खातो गं, शुक्रवारी पबमध्ये हीच असते. फक्त आमच्या आईला सांगू नकोस!" जुईने आधी नाक मुरडलं, मग नुसतं झाकण घेतलं, मग झाकणाला लागलेली ग्रेव्ही, मग सरळ तुकडाच. काकू आपली मशरूम पाई शांतपणे खात होत्या. सुशांत भिंतीपासून सुटा झाला. हसायला लागला. माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, उगाच घाबरलो. गप्पा रंगल्या. आणि खरं सांगते, मला राग आला! महिनाभर मी युद्धाला निघाले होते आणि हे लोक पाव मागत होते ग्रेव्ही पुसायला!

मग जुई बोट चाटत म्हणाली, "पण काय गं, तुमच्यात कधीपासून चालतं हे?"

तुमच्यात. सहज. प्रेमाने. तिला वाटलं मी म्हणेन, इकडे आल्यापासून.

सुशांतने माझ्याकडे बघितलं. नको, असं बघितलं.

"आमच्यात पहिल्यापासून चालतं," म्हटलं. "माझ्या आजोबांच्याही आधीपासून. आम्ही बौद्ध आहोत ना."

आता झाली शांतता! बीफ वाचून जी व्हायला हवी होती ती आत्ता झाली. विवेकचा काटा ताटावर टेकला. "अच्छा," म्हणाला. "अच्छा अच्छा. नाही, म्हणजे छानच आहे. आपण कुठे असलं काही मानतो." जुई एकदम पाणी प्यायली. मग तिला मुलाची आठवण झाली, तो आजीपाशी एकटा आहे, निघायला हवं. पुरणपोळीचा डबा उघडलासुद्धा नाही. दारात मला मिठी मारते ती नेहमी. काल हात हलवला.

बीफ पचलं त्यांना! बीफ दोनदा वाढून घेतलं! आम्हीच तेवढे घशात अडकलो.

काकू मात्र थांबल्या. पदर खोचून सिंकपाशी उभ्या राहिल्या, भांडी विसळायला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही कऱ्हाडे असाल." थोड्या वेळाने म्हणाल्या, "खोटं नाही बोलत हो, मला सवय व्हायला थोडे दिवस लागतील. सासष्ट वर्षांची आहे मी." आणि सगळी भांडी विसळली. बीफच्या पाईचं भांडंसुद्धा, तोंडावर पदर धरून. मला त्या बाईचा इतका आधार वाटला की काय सांगू.

सुशांत रात्रभर पाठ करून झोपला होता. आज सकाळी चहा मात्र त्यानेच केला.

२४ जून, मंगळवार

विवेकचा मेसेज. "पूजेचं जरा नंतर कळवतो. कमिटीत बोलावं लागेल. सगळ्यांना संधी मिळायला हवी ना!" पुढे हात जोडलेली दोन चित्रं.

मला बसायचंच नव्हतं. तरी अपमान झाला! नको असलेली गोष्टसुद्धा अशी काढून घेतली की चरचरतं. कळलं आता, सुशांतला काय वाटलं असेल ते दोन स्पंज बघून.

त्याला मेसेज दाखवला. त्याने तीन वेळा वाचला. म्हणाला, "मी बोलतो विवेकशी. समोरासमोर."

"काय बोलशील?"

"जे सोळा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माझा नवरा!

२५ जून, बुधवार

गेला होता! लंच टाइममध्ये विवेकला कॉफीला घेऊन गेला. घरी आला तो हलका होऊन. खांदे खाली आलेले. "मिटलं," म्हणाला. "सांगितलं सगळं. समजून घेतलं त्याने."

मी काय काय विचारलं, पण म्हणाला, आता ते पुन्हा उगाळत नको बसू. बरोबर आहे. सोळा वर्षांचं ओझं उतरवून आलेल्या माणसाला उलटतपासणी कशाला! मी म्हटलं, पूजेला मी बसणार नाही हं, ते वेगळं. म्हणाला, तू म्हणशील तसं.

मग फ्रिज उघडला, उरलेली पाई काढली आणि ओट्यापाशी उभ्याने, गारच, माझ्यासमोर खाल्ली. "पप्पांसारखी झालीय?" विचारलं. म्हटलं, नाही रे, पप्पांची तिखट असायची. पण रविवार तोच आहे.

किती दिवसांनी हसलो आम्ही. आज मला याचा अभिमान वाटतोय, लिहून ठेवते.

२७ जून, शुक्रवार

मॉयराचा शेवटचा दिवस. निरोपाला मीच पाई नेली, मोठी, आख्ख्या लंचरूमला पुरेल एवढी. तिने कडेचा तुकडा खाल्ला, डोळे मिटले. "माझ्यापेक्षा बरी झालीय आणि हे मी एकदाच म्हणणार." गुळाचा खडा पर्समध्ये घेऊन गेली.

जाताना पार्किंगमध्ये तिला सगळं सांगितलं. सुशांतचंही. म्हणाली, मी अठराव्या वर्षी लंडनला गेले तेव्हा फोनवर इंग्लिश बायकांसारखा आवाज काढायचे. आयरिश म्हटलं की खोली मिळायची नाही. बारा वर्षं काढला. मग एक दिवस कंटाळा आला.

"भीती गेली?" विचारलं.

"नाही गं. कंटाळा भीतीपेक्षा मोठा झाला."

२९ जून, रविवार

आत्ता जुईचा फोन आला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा, मधाळ. "अगं वेडे, आधी सांगायचं नाही का, तुमचं इंटरकास्ट आहे ते! सुशांतने विवेकला सगळं सांगितलं. तू एकटीच त्यांच्यातली. आणि त्याच्या घरच्यांनी तुला करून घेतलं! खरंच मोठ्या मनाची माणसं हं. पूजेला तुम्हीच बसायचं, विवेकने गुरुजींना विचारलंय. लग्न झालं की बाई नवऱ्याकडचीच ना."

सुशांत ओट्यापाशी कांदा चिरत होता. त्याचा हात थांबला.

मी रडले नाही. ओरडलेही नाही. म्हटलं, "जुई, विवेक आहे ना घरी? फोन स्पीकरवर टाक. मीही टाकतेय. सुशांतला बोलायचंय."